आगोटीच्या वादळात वीज गेली असता घरची बेगमी

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांस आगोटीची बेगमी म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. वैशाखात फाटी व गोवऱ्या आडोशाला लागतात, पेंढ्याची उडवी रचली जाते, पडवीला झडप बांधली जाते, मीठ, मिरची, कडधान्य व सुकी मासळी यांची भरती होते, आणि मृगाचा पाऊस पडण्याच्या आत घर चार महिन्यांसाठी सिद्ध असते. परंतु ही बेगमी ज्या काळी ठरली त्या काळी घरात वीज नव्हती. आज पिण्याचे पाणी विजेच्या पंपाने टाकीत चढते, दळण विजेच्या गिरणीत होते, भातही विजेच्या गिरणीतच सडले जाते, दूध विजेवर थंड राहते, आणि निरोप व पैसा दोन्ही मोबाईल यंत्रातून जातात. वीज घरात आली. बेगमीची यादी मात्र जुनीच राहिली. उलट तीतून कंदील, रॉकेलची चिमणी व विहिरीवरचा रहाट एवढे कमी झाले. प्रस्तुत लेखात या यादीची दुरुस्ती कशी करावी याचा विचार केला आहे.

आपल्या भागात हिमवादळ नाही. आपले वादळ येते ते मेच्या उत्तरार्धात व जूनच्या आरंभी, आणि पुन्हा परतीच्या पावसात, भात कापणीस आले असता. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. ते ईशान्येकडे सरकत रायगड जिल्हा ओलांडून घाटावर गेले. श्रीवर्धन, मुरुड व म्हसळा या बाजूस विजेचे खांब रांगेने आडवे झाले, आणि कित्येक गावांत वीज परत येण्यास आठवडे लागले. मोबाईलचे मनोरेही बंद पडल्यामुळे आपले काय झाले हे शेजारच्या गावास कळविण्याचीसुद्धा सोय उरली नाही. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर जाऊन गुजरातेत उतरले. तरी त्याच्या बाजूच्या वाऱ्याने कोकणात छपरे उडाली व झाडे पडली. आपण किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहोत म्हणून सुरक्षित आहोत, असा समज या दोन तालुक्यांत अनेकांचा आहे. किनाऱ्यावरचा समुद्र आपणांपर्यंत येत नाही हे खरे. परंतु वारा येतो, आणि आपल्या विजेच्या तारा सागाच्या, आंब्याच्या व ऐनाच्या रानातून गेलेल्या आहेत.

वीज का जाते

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले व भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी लोखंडी नळांतून खाली येऊन या केंद्रांत वीज उत्पन्न करते, ती मुंबईकडे जाते, व वापरलेले पाणी पाताळगंगेत आणि उल्हासेत सोडले जाते. म्हणजे विजेच्या जन्मस्थानी आपण राहतो, आणि अंधारही आपल्याच वाट्यास येतो, असे गावकरी हसत बोलून दाखवितात. त्यांच्या बोलण्यात वर्म आहे, पण कारण निराळे आहे. वादळात बहुधा उत्पादन थांबत नाही. तुटते ती उपकेंद्रापासून आपल्या रोहित्रापर्यंतची, म्हणजे गावच्या डीपीपर्यंतची वाहिनी.

पहिल्या पावसात साधा शिडकावा झाला तरी वीज जाते, याचे कारण खांबावरील चिनीमातीचे इन्सुलेटर होत. उन्हाळाभर ते तापलेले असतात. त्यांवर एकदम थंड पाणी पडले की काहींना तडे जातात, तड्यांतून वीज खांबावाटे जमिनीत उतरते, आणि उपकेंद्रातील यंत्रणा ती वाहिनी आपोआप बंद करते. यंत्रणेने ती बंद केली हे चांगलेच झाले. अन्यथा तो खांब कोणाचा तरी जीव घेता. पण फुटलेला इन्सुलेटर कोणत्या खांबावर आहे हे वायरमनला वाहिनीखालून पायी चालतच शोधावे लागते. रानातून, ओढ्यांतून, रात्री व पावसात हे काम होत नाही. यास्तव संध्याकाळी गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत येईलच असे गृहीत धरू नये. खांब पडले असतील तर काळ आणखी वाढतो. माझ्या मते कर्जत-खालापूरच्या गावांनी किमान चार दिवसांचा, आणि रस्ता नसलेल्या वाड्यांनी आठ दिवसांचा हिशेब धरावा.

पाणी

प्रकाशाच्या आधी पाण्याचा विचार करावा. अंधारात माणूस बसून राहू शकतो, तहानेने नाही. मेअखेर व जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, डोंगरावरील वाड्यांत टंचाई असते, आणि नेमक्या याच दिवसांत चक्रीवादळाचा धोका असतो. नळपाणी योजनेचा पंप थांबला की टाकी एका दिवसात रिकामी होते.

पिण्यास व स्वयंपाकास माणशी दररोज ७ लिटर पाणी धरावे. सहा माणसांच्या घरास दिवसाला ४२, म्हणजे चार दिवसांस सुमारे १७० लिटर पाणी झाकून ठेवावयास पाहिजे. हंडे, कळशा, पिंप व स्वच्छ धुतलेले डबे मिळून एवढा साठा बहुतेक घरांत होतो. फक्त तो इशारा मिळताच भरावयाचा असतो, वीज गेल्यावर नव्हे. भांडी, कपडे व संडास यांसाठी पागोळीचे पाणी धरावे. पहिल्या दोन-तीन सरींनी कौले व पत्रे धुऊन जाऊ द्यावेत.

गुरांचा हिशेब बहुतेक जण विसरतात. दुभत्या म्हशीस दिवसाला ५० ते ७० लिटर व बैलास ३० ते ४० लिटर पाणी लागते. पावसाळा स्थिरावून हिरवा चारा मिळू लागला की हे प्रमाण उतरते. परंतु आगोटीत गुरे कोरड्या पेंढ्यावर असतात. बैलजोडी व एक म्हैस असलेल्या शेतकऱ्यास रोज सव्वाशे लिटर पाण्याची सोय पंपाविना करता आली पाहिजे. ज्या विहिरींवर पंप बसवून रहाट काढून टाकले आहेत तेथे रहाट, दोर व पोहरा पुन्हा आणून ठेवावा. यास फारसा खर्च येत नाही, व माझ्या दृष्टीने साऱ्या तयारीत याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

विहिरीचे पाणी शुद्ध करण्याचा हिशेब प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास तोंडपाठ असावा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व नंतर ७८५ ने गुणावे, म्हणजे पाणी किती लिटर आहे ते कळते. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असल्यास ते सुमारे १४,००० लिटर होते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर या प्रमाणाने त्यास ३५ ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे व एक तास पाणी उपसू नये. गढूळ पाण्यास हे प्रमाण पुरत नाही. टीसीएलचे पोते उघडे राहिल्यास तिचा जोर उडून जातो. म्हणून मागच्या वर्षीची पावडर यंदा वापरून निश्चिंत राहू नये. घरी शंका वाटल्यास पाणी उकळी फुटल्यावर एक मिनिट खळखळ उकळून प्यावे.

दळण, चूल व पैसा

गिरणी बंद पडेल हे धरून चार दिवस पुरेल एवढे तांदळाचे वा नाचणीचे पीठ दळून ठेवावे. कणगीत भात भरपूर असून सडलेला तांदूळ घरात नाही, अशी कुटुंबे वादळात अडचणीत येतात. मुसळ-उखळ आता थोड्याच घरी उरले आहे. गॅसची शेगडी विजेविना चालते, तरी भरलेले सिलिंडर नसल्यास चूल व कोरडी फाटी हवीत. चार दिवसांचे जळण घराच्या आत, ओल लागणार नाही अशा जागी वेगळे काढून ठेवावे. वाणसामानाच्या पैशांसाठी सुट्या नोटा घरात असाव्यात. मनोरा बंद झाला म्हणजे मोबाईलमधले पैसे मोबाईलमध्येच राहतात.

उजेडाचा हिशेब

अनेक घरांत आता बॅटरी व इन्व्हर्टर आले आहेत, आणि त्यांच्याविषयी अपेक्षा फार आहेत. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. घट वजा जाता व बॅटरी पूर्ण न रिकामी करता १००० वॅट-तास हाती लागतात असे समजावे. ९ वॅटचे दोन दिवे पाच तास लावल्यास ९० आणि दोन मोबाईल भरण्यास सुमारे ३०, असा रोजचा खर्च १२० वॅट-तास होतो. म्हणजे बॅटरी आठ दिवस पुरते. त्यात ७५ वॅटचा एक पंखा रात्री सहा तास फिरविला की ४५० वॅट-तासांची भर पडते व दुसऱ्या रात्रीच अंधार होतो. वादळी पावसात पंखा कशाला हवा हे मला कळलेले नाही, पण सवय मोठी असते. आणखी एक चोरटा खर्च असा की इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो स्वतः वीज खातो. १५ वॅट धरल्यास दिवसाला ३६० वॅट-तास, म्हणजे दिव्यांच्या चौपट. म्हणून काम झाल्यावर तो बंद करावा.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी खंत करू नये. सौर कंदील किंवा आत बॅटरी असलेला एक दिवा, एक विजेरी व तिचे नवे सेल एवढ्याने घर चालते. विजेरी कोठे आहे हे घरातील लहान मुलासही अंधारात सापडले पाहिजे. दाराजवळच्या एका खुंटीवर ती नेहमी असावी. चिमणी किंवा मेणबत्ती लावल्यास ती पेंढा, मच्छरदाणी व निजलेल्या मुलांपासून दूर, ताटात ठेवावी. दारे-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी पेटवू नये. तिचा विषारी वायू वासावरून कळत नाही, आणि झोपेतच मृत्यू येतो.

जनित्राविषयी कळकळीची सूचना

कुक्कुटपालन करणारे शेतकरी व काही मोठी घरे पेट्रोल वा डिझेलचे जनित्र आणतात. कोंबड्यांच्या शेडला हवा व पिलांना ऊब लागते, तेव्हा ही गरज खरी आहे. जनित्र सदैव घराबाहेर, दार-खिडकीपासून दूर व पावसाच्या आडोशाला ठेवावे. परंतु याहून मोठा धोका दुसराच आहे. एका गावी मी स्वतः असे पाहिले की, जनित्राची वायर दोन्ही टोकांना पिना बसवून भिंतीतील प्लगमध्ये खुपसली होती, व मेन स्विच चालूच होता. घरात दिवे लागले म्हणून सर्वजण आनंदात होते. या जोडणीत घरची वीज उलटी वाहत डीपीकडे जाते, आणि रोहित्र आपल्या नित्याच्या कामाच्या उलट काम करून तिचे दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवते. दोन खेतरे पलीकडे, वाहिनी बंद आहे अशा खात्रीने एक वायरमन खांबावर चढण्याच्या बेतात होता. शेजारच्या मुलाने घरातील उजेड पाहून हाक मारली म्हणून अनर्थ टळला. जनित्र असणाऱ्याने परवानाधारक तारतंत्र्याकडून चेंज-ओव्हर स्विच बसवून घेतलाच पाहिजे. तो नसेल तर जनित्रावरून वेगळी वायर ओढून तीवर दिवा लावावा, घराच्या वायरिंगला हात लावू नये.

तुटलेली तार

वीज गेली आहे म्हणून जमिनीवर पडलेली तार मेलेली आहे, असे समजणे घातक आहे. दोष सापडला की नाही हे पाहण्यासाठी उपकेंद्रातून वाहिनी पुन्हा सुरू करून पाहिली जाते, आणि त्या क्षणी ती तार जिवंत होते. चिखल झालेल्या खाचरात तार पडल्यास सभोवतालच्या ओल्या जमिनीतही वीज पसरते. माणसाचे दोन पाय वेगवेगळ्या अंतरावर पडले की त्यांच्यामधून वीज वाहते. गुरांचे पुढचे व मागचे पाय अधिक दूर असल्याने ती आधी मरतात. असे जनावर पडलेले दिसल्यास ते सोडवावयास धावू नये. आपण त्या भागात सापडल्यास दोन्ही पाय जुळवून, पावले घासत बाहेर यावे. लोकांस दूर ठेवावे, व महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. फोन लागत नसल्यास माणूस उपकेंद्रावर पाठवावा. ओल्या काठीने तार बाजूला करणे हे धाडस नव्हे. कपडे वाळविण्यासाठी खांबाला किंवा ताणाच्या तारेला लोखंडी तार बांधण्याची पद्धत आगोटीपूर्वीच मोडून काढावी. वाहिनीवर आलेल्या फांद्या स्वतः तोडू नयेत. एप्रिलमध्येच ग्रामपंचायतीने त्यांची यादी करून महावितरणकडे द्यावी.

अंधारातील साप व विंचू

पहिल्या पावसाने बिळांत पाणी शिरते व साप कोरड्या जागी, म्हणजे पडवीत, फाट्यांत व पेंढ्यात येतात. मण्यार ही रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते, व कित्येकदा दंशाची वेदनाही होत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसली तर अन्य शंका न घेता दवाखाना गाठावा. खाटेवर निजणे व मच्छरदाणी गादीखाली खोचणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, मंत्र-तंत्रात वेळ दवडू नये. तो अवयव न हलविता रोग्यास १०८ च्या गाडीने वा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्यावे. लाल विंचू कोकणात पूर्वी अनेकांचे प्राण घेत असे. आपल्याच जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाने हे मृत्यू पुष्कळच कमी करता येतात हे दाखवून दिले, व २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु औषध वेळेत मिळावयाचे तर रोगी वेळेत पोहोचला पाहिजे.

यावरून वाड्यांवरील कार्यकर्त्यांसाठी एक कर्तव्य निघते. ज्या बाईचे दिवस भरत आले आहेत, तिला इशारा मिळताच रस्त्यालगतच्या नातलगांकडे किंवा रुग्णालयाजवळ हलवावे. मधुमेहाच्या रोग्यांस इन्सुलिनची चिंता असते. वापरात असलेली कुपी थंड व सावलीच्या जागी साधारण चार आठवडे टिकते, आणि मातीच्या ओल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ठेवल्यास अधिक चांगले. न उघडलेला साठा मात्र फ्रीजचे दार वारंवार उघडून खराब करू नये. बंद फ्रीज सुमारे चार तास थंडावा धरतो. दूध तापवून त्याचे दही लावावे. थंड करण्याच्या आशेवर ते ठेवू नये.

घर सोडण्याची वेळ

ज्या वाड्या डोंगराच्या उतारावर आहेत त्यांची तयारी दिव्यांनी पुरी होत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, आणि ठाकर समाजातील अनेक कुटुंबे निद्रेतच गाडली गेली. वाडीस मोटाररस्ता नव्हता. मदतीस गेलेल्या माणसांना अंधारात, धुक्यात व पावसात डोंगर चढून जावे लागले, यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि माती हाताने उपसावी लागली. त्या रात्रीविषयी लिहिताना सूचनांची भाषा थिटी पडते. तरीपण एवढे सांगणे भाग आहे की उतारावरील वाडीने अंधार पडण्यापूर्वी निर्णय घ्यावा. संततधार पावसात घरावरच्या उतारास भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, दारे एकाएकी चौकटीत अडकू लागणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा थांबणे, यांतील एकही चिन्ह दिसल्यास दिवस असतानाच खालच्या गावी जावे. कोणी कोणाच्या घरी उतरावयाचे, म्हाताऱ्या माणसांस कोणी धरावयाचे, गुरांची दावी कोणी सोडावयाची, हे वैशाखातच बसून ठरवावे. कारण त्या वेळी फोन लागेल याची शाश्वती नाही.

इशाऱ्यासाठी हवामान खात्याचा रंग पाहावा. नारिंगी रंग दिसताच पाणी भरावे, मोबाईल व बॅटरी पूर्ण भरून घ्याव्यात. लाल रंग दिसल्यास उतारावरील घरे रिकामी करण्याची वेळ झाली असे धरावे. विजांच्या कडकडाटाची सूचना पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या दामिनी या मोबाईल सुविधेवर काही मिनिटे आधी मिळते. नांगर-औत सोडून पक्क्या घरात येण्यास तेवढा अवधी पुरतो. मनोरे बंद झाल्यावर सेलवर चालणारा लहान ट्रान्झिस्टर कामी येतो. वाडीत एकाकडे जरी तो असला तरी सर्वांना बातमी मिळते. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो भिंतीवर खडूने लिहून ठेवावा, कारण मोबाईल बंद पडल्यावर त्यातील क्रमांकही पाहता येत नाहीत.

वीज परत आल्यावर

वीज गेली असता मेन स्विच बंद करून फक्त एक दिवा चालू ठेवावा, ही सूचना साधी असली तरी पाळली जात नाही. वीज येते तेव्हा दाब काही काळ कमी-जास्त होतो, आणि पंपाची मोटर व फ्रीज त्याच क्षणी जळतात. शेजारच्या घरी दिवे स्थिर झालेले दिसले म्हणजे मेन स्विच चालू करावा, आणि पाव तासाने एकेक उपकरण जोडावे. पुराचे पाणी प्लगपर्यंत चढले असल्यास वायरिंग तपासून घेतल्याशिवाय स्विचला हात लावू नये. विहिरीवरील पंपाची पेटी उघडण्यापूर्वी पायाखाली कोरडी फळी घ्यावी.

छप्पर, गोठा, पेंढा वा रोपवाटिकेचे नुकसान झाले असेल तर दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे काढावीत व गावच्या महसूल अधिकाऱ्यांकडे, ज्यांना आपण अद्याप तलाठी म्हणतो, पंचनाम्यासाठी कळवावे.  फोन बंद असल्यास लेखी अर्ज देऊन त्याची पोहोच घ्यावी, आणि ती पोहोच रेशनकार्ड व सातबाऱ्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कणगीवर ठेवावी.